'सर, कलम नंबर सांगता का?' : हॉटेल, स्वाइप मशीन आणि पीसीआयचे तीन महिने

बँकेची मेल ६ जानेवारी २०२५ ला आली, सोमवारी सकाळी. जानेवारीचा पहिला आठवडा गोव्यातल्या हॉटेलवाल्यांसाठी कसा असतो ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. गर्दी ओसरत असते, बिलांवरून वाद चालू असतात, निम्मा स्टाफ राहिलेली सुट्टी काढून गावी गेलेला असतो. अशात मर्चंट सर्व्हिसेसची मेल कोण वाचतंय? विषयात 'फायनल रिमाइंडर' होतं म्हणून उघडली. आधीच्या दोन मेल नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या पत्त्यावर जात होत्या, हे नंतर कळलं. तुमच्या बँकेकडे कोणाचा मेल पत्ता नोंदवलेला आहे ते आजच बघून घ्या.

उत्तर गोव्यात आमची तीन हॉटेलं, मिळून ११८ खोल्या. आयटी विभाग म्हणजे मी एकटी. वायफायपासून बिलिंगच्या प्रिंटरपर्यंत सगळं माझ्याकडे. मेलमध्ये लिहिलं होतं की तुम्ही कार्ड स्वीकारता, तेव्हा ३१ मार्चपर्यंत पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या नियमांची स्वयंमूल्यांकन प्रश्नावली, म्हणजे एसएक्यू, त्यासोबत सहीचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे एओसी, आणि बाहेरून केलेल्या स्कॅनचे अहवाल पाठवा. नाही पाठवलं तर दर मर्चंट आयडीला, म्हणजे बँकेने दिलेल्या व्यापारी क्रमांकाला, महिन्याला २,५०० रुपये शुल्क. आमचे आयडी चार.

मेल घेऊन सरांकडे गेले. सर म्हणजे आमचे ऑपरेशन्स मॅनेजर. मुंबईत मोठ्या हॉटेलांत पंचवीस वर्षं काढून आलेले, माणूस भला, आवाज खणखणीत. त्यांनी मेल अर्धीच वाचली. "अगं, आपण कम्प्लायंट आहोत. ते रिसेप्शनच्या मागचं सर्टिफिकेट स्कॅन करून पाठव नि विषय मिटव."

सर्टिफिकेट खरंच होतं. सोनेरी किनार, लाल गोल शिक्का, मधे निळं कुलूप. मी स्टुलावर चढून फ्रेम उतरवली. मागे पालीची दोन अंडी, आणि काचेआड बारीक अक्षरात आमचं नाव कुठेच नाही. नाव होतं आम्हाला बुकिंगचं सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचं. मुदत २०२३ च्या ऑगस्टमध्ये संपलेली. म्हणजे दुसऱ्याचं सर्टिफिकेट, तेही शिळं, आणि ते दीड वर्ष आमच्या भिंतीवर दिमाखात लटकत होतं.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "त्यांचं सॉफ्टवेअर कम्प्लायंट, आपण त्यांचं सॉफ्टवेअर वापरतो, म्हणजे आपणही कम्प्लायंट. साधं लॉजिक आहे." त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. लॉजिक चुकतंय हे कळत होतं, कुठे चुकतंय ते सांगता येत नव्हतं. तेव्हा ठरवलं की मूळ कागद वाचायचा.

मूळ कागद फुकट मिळतो, हे आधी लिहून ठेवते, कारण तो वाचण्यासाठीच पैसे मागणारे लोक मला नंतर भेटले. हे नियम लिहिणाऱ्या पीसीआय कौन्सिलच्या साइटवर अटी मान्य केल्या की पीडीएफ उतरते. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस, डिस्कव्हर आणि जेसीबी यांनी २००६ मध्ये ही कौन्सिल काढली. नियमांची सध्याची आवृत्ती ४.०.१, जून २०२४ मधली, साडेतीनशेहून जास्त पानं. म्हापसा ते पणजी कदंबा बसमध्ये मी ती दहा दिवस वाचत होते. वाचायला वाटते तेवढी वाईट नाही. बारा मुख्य नियम, प्रत्येकाखाली नंबर दिलेली कलमं, आणि प्रत्येक कलमाशेजारी ते का आहे याचा खुलासा.

एक गोष्ट मात्र मी उलटी केली. शंका आली म्हणून थेट कौन्सिललाच मेल टाकली. सभ्य उत्तर आलं की तुमच्या बँकेला विचारा. कौन्सिल फक्त नियम लिहिते. पाळताय की नाही हे विचारायचा हक्क कार्ड कंपन्यांचा आणि त्यांच्या वतीने आपल्या बँकेचा. हा काही सरकारी कायदा नाही. बँकेशी केलेल्या करारातून तो आपल्या गळ्यात येतो. माझे चार दिवस गेले, तुमचे जाऊ नयेत.

२० जानेवारीला सरांबरोबर बसले. जाताना एक वही नेली होती. डाव्या बाजूला 'सर म्हणतात', उजव्या बाजूला 'कलम'. भांडायला गेले नव्हते, खरंच. बँकेला उत्तर लिहायचं तर प्रत्येक गोष्टीपुढे नंबर लागणारच होता. म्हणून प्रत्येक वाक्याला एकच विचारत गेले, "सर, हे कुठल्या कलमात आहे? मला उत्तरात नंबर लिहायचाय." दुसऱ्या-तिसऱ्यांदा ते जरा चिडले. पण 'तुमचं चुकतंय' असं म्हटलं असतं तर बैठक तिथेच संपली असती.

पासवर्डपासून सुरुवात झाली. आमच्याकडे दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती होती, "पीसीआयचा नियम" म्हणून. परिणाम काय, तर फ्रंट ऑफिसच्या कीबोर्डखाली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर 'गोवा', मग महिन्याचं नाव, मग वर्ष. महिना बदलला की पासवर्डातला महिना बदलायचा. शिवाय लॉगिन सगळ्यांचं मिळून एकच. कलम ८.३.९ बघितलं तर तिथे नव्वद दिवस आहेत, तेही नुसत्या पासवर्डवर काम चालत असेल तर. लांबी मात्र आता किमान बारा अक्षरं हवी, आमची आठ होती. आणि सगळ्यांनी मिळून एक लॉगिन वापरणं, ज्याबद्दल सर कधी एक शब्द बोलले नव्हते, तेच नियमात बसत नव्हतं. तीस दिवस आले कुठून? सरांच्या जुन्या हॉटेलच्या अंतर्गत धोरणातून. एखाद्या कंपनीने स्वतःपुरता कडक नियम केला, तिथला माणूस दुसरीकडे गेला, आणि त्या नियमाला वाटेत पीसीआयचं नाव चिकटलं. वहीतली निम्मी वाक्यं या जातीची निघाली.

"फायरवॉल नवीन घ्यावा लागेल, पीसीआयवाला, दीड लाखाचा." हे सरांना फायरवॉल विकणाऱ्याने सांगितलं होतं. नियमात कुठल्याही कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव नाही. आमच्या आहे त्याच डब्यात व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे भाग, करायची सोय होती, मी कधी वापरली नव्हती इतकंच.

आणि मग ते लॉजिक. सॉफ्टवेअर किंवा गेटवे, म्हणजे ऑनलाइन कार्डाचे पैसे घेणारी सेवा, देणारी कंपनी तिच्या भागापुरती जबाबदार असते. तिचं एओसी दरवर्षी मागून आपण फाइलला ठेवायचं असतं, पण आपला भाग आपल्यालाच भरावा लागतो. आपला भाग म्हणजे काउंटरवरची मशीनं, त्यांच्या तारा, ती हाताळणारी माणसं आणि कागद. भिंतीवरच्या सर्टिफिकेटबद्दल तर कौन्सिलनेच सांगून ठेवलंय की एसएक्यू, एओसी आणि ऑडिटरचा अहवाल सोडून असल्या शोभेच्या प्रमाणपत्रांना आम्ही पुरावा मानत नाही. हे दाखवल्यावर सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फ्रेम चांगली आहे पण."

आता माझी पाळी. सर म्हणाले, "गेस्टचं वायफाय वेगळं आहे, तेवढं तरी बरोबर ना?" मी हो म्हटलं. ते माझंच काम. पण सगळ्यांचं तपासतेय तर आपलंही तपासावं म्हणून २२ तारखेला संध्याकाळी लॉबीत लॅपटॉप घेऊन बसले. शेजारी एक जर्मन जोडपं कोकम सरबत पीत होतं. पाहुण्यांसारखा खोली नंबर टाकून वायफायला जोडले आणि काउंटरवरच्या स्वाइप मशीनच्या आयपीला, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याला, पिंग केलं, 'आहेस का' अशी हाक मारली. उत्तर आलं. पुन्हा केलं, पुन्हा आलं. मशीन माझ्यापासून पंधरा फुटांवर, आणि मधे कसलीच भिंत नाही. लॉकडाउननंतर २०२१ मध्ये ॲक्सेस पॉइंट बदलले, तेव्हा वायफायचं नाव वेगळं ठेवलं गेलं, नेटवर्क एकच राहिलं. बसवणाऱ्याने सांगितलं 'वेगळं केलंय', मी मान डोलावली, सरांना तेच सांगितलं. म्हणजे चार वर्षं मीही ऐकीव गोष्टच पुढे सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगायला गेले तेव्हा कान गरम झाले होते. ते ओरडले नाहीत. वही पुढे ओढून 'सर म्हणतात' खोडलं आणि 'सगळे म्हणतात' लिहिलं.

पण खरा घोटाळा ना वायफायमध्ये होता, ना पासवर्डमध्ये. तो रिझर्व्हेशनच्या खोलीतल्या करड्या गोदरेज कपाटात होता.

इथे थोडं मागे जावं लागेल. भारतीय बँकेच्या कार्डाला ऑनलाइन व्यवहारात ओटीपीसारखा दुसरा पुरावा लागतो, २००९ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा दंडक आहे. त्यामुळे आपल्या माणसाचा कार्ड नंबर नुसता लिहून घेऊन काही उपयोग नसतो. परदेशी बँकांच्या कार्डांना ते लागू नाही. म्हणून हॉटेलं वर्षानुवर्षं परदेशी पाहुण्याला एक फॉर्म पाठवतात, कार्ड ऑथरायझेशन फॉर्म. नाव, नंबर, मुदत, सही, आणि सोबत कार्डाची पुढून-मागून झेरॉक्स. पाहुणा आलाच नाही तर एक रात्रीचं भाडं मशीनवर नंबर टाकून कापायचं. ही पद्धत इतकी रुळलेली आहे की त्यात काही वावगं आहे हे कोणाच्या मनातही येत नाही.

२४ जानेवारीला कपाट उघडलं. अकरा बॉक्स फाइली, सगळ्यात जुनी २०१४ ची. एक कागद अजून डोळ्यांसमोर आहे. कार्डाची मागची बाजू, सहीच्या पट्टीवर तिरकी सही, तिच्या शेवटी तीन आकडे. झेरॉक्स इतकी लख्ख की आकडे कार्डावर दिसले नसते तेवढे कागदावर दिसत होते. आणि खाली आमच्याच कोणीतरी निळ्या पेनने लिहिलेलं, 'समुद्राकडची खोली, लेट चेकआउट, वाढदिवस.' मोजले तेव्हा १,१४० फॉर्म भरले.

सर म्हणाले, "कुलपात आहे. चावी माझ्याकडे असते."

यावेळी कलम नंबर मी सांगितला, ३.३.१. कार्डाच्या मागचे ते तीन आकडे व्यवहार मंजूर झाल्यावर ठेवायचेच नाहीत. कुलपात नाही, तिजोरीत नाही, सांकेतिक करूनही नाही. पीसीआयच्या नियमांत कार्ड नंबर विशिष्ट काळजी घेऊन ठेवता येतो, हे आकडे कुठल्याच अटीवर नाही. सगळ्या प्रश्नावलीत इतकी सरळ ओळ दुसरी नसेल.

अकाउंट्सच्या मॅडमचा मुद्दा वेगळा होता आणि खरा होता. "उद्या पाहुण्याने बँकेत तक्रार करून पैसे परत ओढले तर मी पुरावा काय देऊ?" त्यांच्यासमोरच गेल्या तीन चार्जबॅकच्या फाइली काढल्या. बँकेने मागितलं होतं सही केलेलं संमतिपत्र, बुकिंगची मेल, रद्द करण्याच्या अटी आणि बिल. मागचे तीन आकडे कोणी मागितले नव्हते. मॅडमनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "मग आपण हे सांभाळत का बसलो होतो?"

कपाटापेक्षा वाईट होता रिझर्व्हेशनचा मेलबॉक्स, कारण फॉर्म येत होते मेलवरच. आणि त्याहून वाईट फ्रंट ऑफिसचा मोबाइल. लोक व्हॉट्सॲपवर कार्डाचे फोटो पाठवतात, ते गॅलरीत जातात, गॅलरीचा आपोआप बॅकअप होतो. संगणकांत काय पडलंय ते शोधायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. सोळा आकडी संख्या शोधायच्या आणि लून चाचणीत बसणाऱ्याच ठेवायच्या. कार्ड नंबरातला शेवटचा आकडा त्या चाचणीने ठरतो. वाटलं, किती हुशार आपण. पण कुठलीही संख्या दहात एकदा ती चाचणी सहज पास होते, त्यामुळे बुकिंग नंबरांचा ढीग आला. मी पंधरा आकडी संख्याही शोधायला लावल्या, कारण अमेरिकन एक्सप्रेसचं कार्ड पंधरा आकडी असतं, तर स्टाफला दिलेल्या मोबाइलचं अख्खं रजिस्टर सापडलं. आयएमईआय नंबरही पंधरा आकडी आणि त्यालाही हीच चाचणी. एक रविवार त्यात गेला.

प्रश्नावली कुठली भरायची हे या मेलबॉक्सवर अडकलं होतं, ते समजायला मला वेळ लागला. एसएक्यूचे प्रकार बरेच आहेत. बँकेने दिलेल्या, नेटवर्कला जोडलेल्या सुट्या मशीनांसाठी बी-आयपी नावाचा आहे, पन्नासच्या आसपास प्रश्नांचा. कुठेच बसत नसाल तर डी, दोनशेहून जास्त प्रश्न. बी-आयपीच्या अटींत एक अट अशी की कार्डाची माहिती ठेवलीच तर ती कागदावर असावी, आणि तो कागद मेलवरून आलेला नसावा. आमचे सगळे मेलवरून आलेले. दुसरी अट, मशीनं हॉटेलातल्या इतर यंत्रणांपासून अलग हवीत. नेटवर्क वेगळं करायलाच हवं असं मुख्य नियमांत कुठे म्हटलेलं नाही, पण नाही केलं तर सगळं नेटवर्क तपासणीखाली येतं आणि ही छोटी प्रश्नावली हातची जाते.

२९ जानेवारीला बँकेला मेल लिहिली. फोन तीनदा केला होता, तिन्ही वेळा वेगळं उत्तर. एकजण तर म्हणाला, "मॅडम, डी भरून टाका, सगळंच येतं त्यात." लेखी विचारल्यावर ४ फेब्रुवारीला लेखी उत्तर आलं: मशीनांसाठी बी-आयपी आणि वेबसाइटसाठी, जिथे पाहुणा गेटवेच्या पानावर जाऊन पैसे भरतो, एसएक्यू ए, दोन्ही चालतील, मात्र भरायच्या दिवशी अटी पूर्ण असल्या पाहिजेत. तुम्हीही बँकेशी फोनवर बोला हवं तर, पण उत्तर मेलवरच घ्या. पुढे सहा वेळा ती मेल दाखवावी लागली.

मधल्या काळात सरांनी दोन-तीन सल्लागार बोलावले. एक अधिकृत ऑडिटर कंपनी, फक्त आढाव्याचे १ लाख ८० हजार. आणि एक गृहस्थ, "तीन दिवसांत सर्टिफिकेट, पंधरा हजार, भेट द्यायचीही गरज नाही." सर पंधरा हजारांकडे झुकले होते. मी म्हणाले, आधी याच्या कंपनीचं नाव कौन्सिलच्या यादीत शोधू. नव्हतं. आणि आमच्याएवढ्या छोट्या मर्चंटकडून बँकेने ऑडिटर मागितलाच नव्हता, स्वतः भरून सही करा म्हणत होती.

सही. १२ फेब्रुवारीला मी एओसीचा कोरा नमुना छापून सरांपुढे ठेवला. मालकांनी सहीचे अधिकार सरांना दिले होते. त्यात लिहिलेलं असतं की या प्रश्नावलीतली माहिती वस्तुस्थितीला धरून आहे आणि हे नियम आम्ही सदैव पाळू. खाली नाव, हुद्दा, तारीख. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. महिनाभर 'आपण कम्प्लायंट आहोत' म्हणणारे सर मला विचारत होते, "यातलं काय काय अजून खरं नाही?"

मी यादी दिली. त्या दुपारपासून कामाला वेग आला, कारण आता घाई त्यांना होती.

१३ तारखेपासून नवीन फॉर्म घेणं बंद. त्याऐवजी गेटवेची पेमेंट लिंक, पाहुणा तिकडेच कार्ड भरतो आणि आमच्याकडे फक्त शेवटचे चार आकडे येतात. पण परदेशी कार्डं चालू करून घ्यायला सतरा दिवस लागले. पॅन, जीएसटी, कंपनीचे कागद, वेबसाइटवर रद्द करण्याच्या अटी ठळक हव्यात म्हणून दोनदा परत आलेला अर्ज. ३ मार्चला, ऐन कार्निव्हलमध्ये, चालू झालं. मधल्या दिवसांत पाच-सहा बुकिंगं हमीशिवाय ठेवली. त्यातलं एक आलं नाही. ते भाडं बुडालं, सरांनी त्याबद्दल अजून एकदाही ऐकवलेलं नाही.

बाहेरचं स्कॅन कौन्सिलने मान्य केलेल्या कंपनीकडूनच करावं लागतं, एएसव्ही म्हणतात त्यांना. वर्षाचे २१ हजार अधिक जीएसटी, चार पत्त्यांसाठी, दर तीन महिन्यांनी. पहिलं १८ फेब्रुवारीला, नापास. सीव्हीएसएस गुण, म्हणजे गांभीर्याचे गुण, ४ किंवा वर असलेली त्रुटी सापडली की नापास करतात. आमच्यात काय सापडलं? सीसीटीव्हीचा डीव्हीआर. सरांना घरून कॅमेरे बघता यावेत म्हणून कोणीतरी त्याचं पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवलं होतं, पासवर्ड कंपनीतून आला तोच, आणि राउटरचं पान अजून टीएलएस १.० या जुन्या सुरक्षा पद्धतीवर. पोर्ट बंद केलं. २७ फेब्रुवारीला पुन्हा नापास, यावेळी दुसऱ्या हॉटेलचा राउटर. १० मार्चला पास. ती पीडीएफ मी घरी आईला दाखवली, तिने चष्म्यावरून बघून विचारलं, "कितवी आलीस?"

नेटवर्क वेगळं करायला दोन रात्री आणि दोन नवे स्विच लागले, एकेक ९,४०० चा. तिसऱ्या हॉटेलात होता. नंतर पुन्हा लॉबीत बसून पिंग केलं. काही आलं नाही. अर्धा तास बसून राहिले, तरी आलं नाही.

एका बाबतीत सर बरोबर होते आणि मी चूक. ते कधीपासून म्हणत होते, मशीनांचे सिरियल नंबर रजिस्टरात लिहा आणि अधूनमधून ताडून बघा, मशीन बदलून कार्डाची माहिती चोरणारं मशीन बसवलेलं असू शकतं. आम्ही पाठीमागे हसायचो. कलम ९.५.१ अगदी हेच सांगतं: यादी ठेवा, तपासा, स्टाफला शिकवा. आठही मशीनं उलटी करून नंबर लिहिले, बँकेच्या यादीशी लावले, तर एक जुळेना. पोटात गोळा आला. ते मशीन बाजूला काढलं, बँकेला कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच माणसाने बिघडलेलं मशीन बदललं होतं. आमच्याकडे ना नोंद, ना बदलणाऱ्याचं नाव. आता मशीनला हात लावायला कोणी आलं तर आधी बँकेला फोन, मग चहा.

राहिले १,१४० फॉर्म. कागद नष्ट करायचे तर उभ्या पट्ट्या काढणारा श्रेडर चालत नाही, आडवा-उभा कापणारा लागतो, नाहीतर जाळा किंवा लगदा करा. आमचा पट्ट्यांचा होता, नवा ८,९०० ला आला. अडचण त्या फॉर्मांची जे बिलांना टाचलेले होते, कारण जीएसटीसाठी बिलं वर्षानुवर्षं ठेवावी लागतात. तिथे नंबर आणि मागचे तीन आकडे काळ्या मार्करने झाकले. पण उजेडात धरलं की मार्करखालचं दिसतं. म्हणून झाकलेल्या कागदाची झेरॉक्स काढायची, झेरॉक्स बिलाला लावायची आणि मूळ कागद श्रेडरमध्ये.

६ आणि ७ मार्चला संध्याकाळी लाँड्रीत बसलो, मी, अकाउंट्सच्या मॅडम आणि हाउसकीपिंगचे वेंगुर्ल्याचे दादा. श्रेडर दर वीस मिनिटांनी तापून बंद पडायचा, मग टाचण्या उपटत बसायचं. दादांनी भुश्याच्या गोणीत हात घालून बघितला. "मॅडम, ह्यो भुसो माका देशात? कोंबड्यांखाली घालूक बरो." नको म्हणताना वाईट वाटलं. चादरींच्या टबात भिजवून लगदाच केला त्याचा.

मेल, आर्काइव्ह, रीसायकल बिन, मोबाइलचा बॅकअप यांची सफाई त्यापुढे आठवडाभर चालली. खर्च सगळा मिळून साडेबावन्न हजारांच्या आत. २६ मार्चला सरांनी एओसीवर सही केली. एकेक पान उलटत, मधेमधे 'हे झालं ना?' विचारत. बँकेची पोच १७ एप्रिलला आली, दोन ओळींची: स्वीकारलं, पुढचं स्कॅन जूनमध्ये.

मे महिन्यात मँचेस्टरच्या एका पाहुण्याने कोणी मागितलं नसताना व्हॉट्सॲपवर कार्डाचे दोन फोटो पाठवले, पुढून आणि मागून, वर अंगठा आणि सूर्याची चित्रं. रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला.

"ताई, आलंय एक. उघडलं नाही मी. आता?"

चॅटमधून काढ, गॅलरीत गेलंय का बघ, गेलं असेल तर तिथूनही काढ, मग गॅलरीच्या ट्रॅशमधून, मग त्यांना लिंक पाठव आणि नीट शब्दांत सांग की फोटो आम्ही ठेवलेला नाही. तिने एकेक करत होय म्हटलं.

"आणि रजिस्टरात काय लिहू? कार्ड नंबर लिहू का?"